चाकरमान्यांचा प्रांत : काथेरेसमधले आठ दिवस

दिवस पहिला : माद्रिद ते ग्वादालुपे

“कॅसेरेस नव्हे बाबा, काथेरेस. ‘थ’ म्हणताना जीभ दातांत येऊ द्या,” माद्रिद सुटायच्या आतच लेकीने दटावलं. ती तिथे शिकते. गाडी तिच्या हातात आणि भाषाही तिच्याच तोंडात, त्यामुळे आम्ही दोघं मागे मुकाट बसलेलो. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. आपल्याकडची माणसं स्पेनला जातात ती बार्सिलोना, सेव्हिया, ग्रानादा करायला. आम्ही निघालो होतो पोर्तुगालच्या हद्दीला टेकलेल्या एका प्रांतात, जिथे आमच्या ओळखीतलं कोणी कधी गेलेलं नाही. कारण मिरची. पण ते शेवटच्या दिवसाचं काम.

१८३३ साली स्पेनची नव्याने प्रांतवार वाटणी झाली, तेव्हा एक्स्त्रेमादुरा या पश्चिमेकडच्या मुलखाचे दोन तुकडे झाले. दक्षिणेचा बादाहोस, उत्तरेचा काथेरेस. क्षेत्रफळात हे दोघे स्पेनमधले पहिले आणि दुसरे. काथेरेसचं क्षेत्रफळ १९,८६८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षाही जास्त. आणि माणसं किती? चार लाखांच्याही आत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पाच लाखांच्या वर होती. सांगली शहरात मावतील एवढी माणसं महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्याहून मोठ्या मुलखात विखुरली, की कसं दिसेल? मोटारीच्या काचेतून तसंच दिसत होतं. रस्ता गुळगुळीत, दोन्हीकडे ओकची झाडं, आणि अर्धा अर्धा तास माणूस नाही.

नवालमोरालला हमरस्ता सोडला आणि बोओनाल दे इबोरजवळ पाण्याच्या कडेला थांबलो. उघड्या माळावर रोमन देवळाचे खांब उभे होते, त्यावर एक कमान, मागे वाल्देकान्यास धरणाचं निळं पाणी. हे देऊळ मूळचं इथलं नाही. आउगुस्तोब्रिगा या रोमन नगरीच्या जागेवर पुढे तालावेरा ला विएखा नावाचं गाव वसलं होतं. १९६३ मध्ये ते पाण्याखाली गेलं आणि जाण्याआधी हे खांब तेवढे उचलून वर आणून ठेवले. याच धरणात पाच हजार वर्षांहून जुनं एक शिळावर्तुळही बुडालेलं आहे. २०१९ च्या दुष्काळात पाणी इतकं आटलं, की ते सगळंच्या सगळं उघडं पडलं.

“पळसदेव,” बायको म्हणाली. उजनीच्या पाण्यातून उन्हाळ्यात वर येणारं देऊळ आम्ही दोघांनी एकत्र पाहिलं होतं. एवढा एकच शब्द बोलून ती पुढे चालायला लागली. तिचं पाण्याशी जुनं वाकडं आहे, त्याबद्दल पुढे.

संध्याकाळी वळणावळणाच्या घाटाने ग्वादालुपेला पोचलो. चेस्टनटची झाडं पिवळी पडली होती. मुक्काम मठाच्याच आवारातल्या धर्मशाळेत. धर्मशाळा म्हणायचं एवढंच, दर ऐकून तसं वाटलं नाही.

दिवस दुसरा : काळी देवी

सकाळी दर्शन. हो, दर्शनच. तेराव्या शतकाच्या अखेरीला हिल कोर्देरो नावाच्या गुराख्याची गाय हरवली, शोधता शोधता त्याला नदीकाठी जमिनीत पुरलेली मेरीमातेची मूर्ती सापडली, अशी कथा. गुराखी, गाय, जमिनीतली मूर्ती! ही कथा सांगणारं एक तरी गाव प्रत्येक तालुक्यात असतं आपल्याकडे. बायकोने लेकीला तीन सांगून टाकल्या.

मूर्ती देवदाराच्या लाकडाची, जेमतेम अडीच वितींची, काळी कुळकुळीत, जरीच्या झग्यात बुडालेली. गाभाऱ्यामागे जिना चढून एका खोलीत नेतात. तिथे एक फ्रान्सिस्कन साधू येतो, दोनचार वाक्यं बोलतो आणि कळ फिरवल्यासारखं मूर्तीचं सिंहासनच उलटं फिरवतो. आतापर्यंत खाली चर्चमधल्या लोकांकडे तोंड करून असलेली देवी एकदम आपल्यासमोर. एवढी नाट्यपूर्ण दर्शनाची सोय मी कुठेही पाहिली नाही. आणि रांगही नाही.

मठ १३८९ पासून हिएरोनिमाइट साधूंकडे होता. १८३५ मध्ये सरकारने मठांच्या मालमत्ता काढून घेतल्या तेव्हा ते गेले. फ्रान्सिस्कन आले १९०८ साली. मधल्या काळात या अफाट वास्तूची काय अवस्था झाली असेल, ते ओसाड वाडे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. आज ती युनेस्कोच्या यादीत आहे, १९९३ पासून. मला सर्वांत आवडला तो मुदेखार चौक. घोड्याच्या नालेसारख्या कमानी, मध्यावर विटांचं टोकदार मंडपवजा बांधकाम, संत्र्याची झाडं. ख्रिस्ती साधूंच्या मठात मुसलमानी धाटणीची कारागिरी. ज्यांची राज्यं जिंकली त्यांचेच गवंडी हवेहवेसे वाटले. सॅक्रिस्टीत, म्हणजे पूजेचं सामान ठेवायच्या खोलीत, थुर्बारान या चित्रकाराने काढलेली मठातल्या साधूंची आठ मोठी चित्रं आहेत, आणि ती ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर अजून टांगलेली आहेत. पांढऱ्या झग्याच्या घड्या इतक्या खऱ्या, की इस्त्री करावीशी वाटते.

बाहेर चौकात एक साधासा कारंजा आहे. २९ जुलै १४९६ ला कोलंबसने अमेरिकेतून आणलेल्या दोघा आदिवासींना इथे बाप्तिस्मा दिला गेला. मठाच्या दप्तरात त्यांची नवी नावं तेवढी आहेत, क्रिस्तोबाल आणि पेद्रो. जुनी नावं विचारायचं कोणाला सुचलं नसावं. त्याआधी १४९३ मध्ये कोलंबसने कॅरिबियनमधल्या एका बेटाला ग्वादालुपे हे नाव दिलं होतंच. इथल्या गावांची नावं बाहेर पाठवायचा जो उद्योग पुढे शंभर वर्षं चालला, त्याची ही सुरुवात.

दुपारी मिगास खाल्लं. शिळ्या पावाचा चुरा लसूण घालून तेलात परततात, वरून तिखटाचा लाल रंग. म्हणजे आपला फोडणीचा पाव! फरक इतकाच की यात डुकराचे तुकडे असतात. बायकोने ते एकेक वेचून लेकीच्या ताटात टाकले.

दिवस तिसरा : त्रुहीयोतले बंद वाडे

ग्वादालुपे ते त्रुहीयो ऐंशीएक किलोमीटर. डोंगर उतरून सपाटीला लागलं की ‘देएसा’ सुरू होते. देएसा म्हणजे ना जंगल ना शेत. विरळ राखलेली ओकची झाडं, खाली गवत, गवतावर मेंढ्या, तपकिरी गाई आणि काळी डुकरं. झाडाची एकोर्न फळं पडायला लागली की डुकरं मोकळी सोडतात, आणि ती फळं खाऊन माजलेल्या डुकराच्या मांडीचा भाव ऐकून सोनं स्वस्त वाटतं. मधूनच बुचाच्या ओकचं झाड दिसतं. त्याची साल दर नऊ वर्षांनी काढतात. नुकतं सोललेलं खोड विटेसारखं लालभडक, त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवलेला, साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक.

या माळांवर शतकानुशतकं उत्तरेकडचे मेंढपाळ थंडीत कळप घेऊन उतरत. १२७३ मध्ये दहाव्या आल्फोन्सो राजाने त्यांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली आणि मेंढ्यांच्या वाटा कोणी नांगरायच्या नाहीत असा दंडक घातला. दिवाळीच्या सुमाराला घाट उतरून आमच्या कोकणात येणारे धनगर डोळ्यांपुढे आले. त्यांच्या वाटांना अशी सनद कोणी दिल्याचं ऐकिवात नाही.

त्रुहीयो दहा हजारांच्या आतबाहेरचं गाव. पण चौक असा, की राजधानीला शोभावा. मधोमध ब्राँझचा घोडेस्वार, शिरस्त्राणावर पिसं : फ्रान्सिस्को पिझारो. चार्ल्स रम्सी या अमेरिकी शिल्पकाराचं काम, १९२९ साली बसवलेलं. पिझारो या गावातला अनौरस मुलगा, लिहिता-वाचता न येणारा. दीड-दोनशे माणसं घेऊन तो पेरूत घुसला. नोव्हेंबर १५३२ मध्ये त्याने काहामार्का इथे इंका सम्राट आताहुआल्पाला कैद केलं, सुटकेच्या बोलीवर एक खोली सोन्याने भरून घेतली, आणि पुढल्या वर्षी त्याला मारून टाकलं. १५३५ मध्ये लिमा शहर वसवलं. १५४१ मध्ये तिथेच त्याच्याच देशबांधवांनी त्याला भोसकलं. अमेझॉन नदीने पार समुद्रापर्यंत गेलेला पहिला युरोपीय फ्रान्सिस्को दे ओरेयाना, तोही या गावचाच. आज पेरूत एक त्रुहीयो आहे, होंडुरासमध्ये एक आहे आणि व्हेनेझुएलातही एक.

चौकाभोवती वाडेच वाडे. कोपऱ्यावर फोडलेल्या खिडक्या, त्यावर भिंतभर कोरलेली कुळचिन्हं. आणि बहुतेकांची दारं बंद. मी तिथे पायरीवर बसलो आणि मला आमचा संगमेश्वर तालुका दिसायला लागला. वडील परळला गिरणीत होते. पगारातून साठवून साठवून त्यांनी गावी चिऱ्याचं घर बांधलं, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. घर उघडं असायचं गणपतीत आणि मे महिन्यात. बाकी दहा महिने कुलूप. वाडीतली निम्मी घरं तशीच. गावात काही पिकत नाही म्हणून माणूस बाहेर जातो आणि बाहेर मिळालेलं गावात दिसावं म्हणून घर बांधतो. एक्स्त्रेमादुराचंही तेच झालं. जमीन मोजक्या सरदारांची आणि मठांची, धाकट्या मुलांच्या वाट्याला काही नाही, मग जा समुद्रापार. त्रुहीयो हे जगातल्या सर्वांत नामचीन चाकरमान्यांचं गाव आहे.

पण वडिलांच्या घराशी याची तुलना इथेच संपते. पिझारोंच्या वाड्याच्या कोपऱ्यावर जी प्रचंड ढाल कोरलेली आहे, तिच्यात साखळीने बांधलेली माणसं आहेत. पैसा कुठून आला, ते मालकाने दर्शनी भिंतीवरच मांडलं, आणि अभिमानाने.

त्या ढालीखाली खिडकीच्या दोन्ही बाजूंना चार मुखवटे आहेत. एका बाजूला फ्रान्सिस्को पिझारो आणि इनेस वायलास, इंका राजघराण्यातली मुलगी. दुसऱ्या बाजूला फ्रान्सिस्कोचा सावत्र भाऊ एर्नांदो आणि त्याची बायको फ्रान्सिस्का, जी फ्रान्सिस्को आणि इनेस यांचीच मुलगी. म्हणजे काकाशीच लग्न. ती अठराच्या आसपास, तो पन्नाशीचा, आणि तेव्हा मेदिना देल काम्पोच्या किल्ल्यात कैदेत. बापाची सगळी दौलत तिच्या नावावर होती, ती घराबाहेर जाऊ नये म्हणून. हा वाडा दोघांनी मिळून बांधला. “त्या पोरीला कोणी विचारलं होतं का?” बायकोने लेकीला विचारलं. लेक म्हणाली, “आई, काका मेल्यावर तिने दुसरं लग्न केलं आणि माद्रिदला राहायला गेली.” हे ऐकून बायको जरा शांत झाली.

दिवस चौथा : छाटलेले बुरूज

काथेरेस शहर. प्रांताची राजधानी, वस्ती लाखाच्या आत. नव्या भागात इतर शहरांत असतं ते सगळं आहे. एस्त्रेयाच्या कमानीतून आत शिरलं की मात्र पाचशे वर्षं मागे. कमान तिरकी आहे, कारण अठराव्या शतकात बग्ग्यांना वळता यावं म्हणून तशीच बांधली. आत दुकान नाही, पाटी नाही, विजेची तार दिसत नाही. ऐतिहासिक मालिका काढणाऱ्यांनी इथे ठाण मांडलं नसतं तरच नवल.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली रोमन वसाहत, त्यावर बाराव्या शतकातला अल्मोहाद या मुसलमानी राजवटीचा मातीचा तट, आणि २३ एप्रिल १२२९ ला लिओनच्या नवव्या आल्फोन्सोने ते जिंकल्यावर सरदारांचे वाडे. प्रत्येक घराण्याला आपला बुरूज हवा, शेजाऱ्यापेक्षा उंच हवा. भांडणं इतकी, की रस्त्यातच मारामाऱ्या. १४७६ मध्ये राणी इसाबेलाने हुकूम काढला : सगळे बुरूज छाटा. एकच राहिला, करकोच्यांचा बुरूज, कारण त्याचा मालक वारसाहक्काच्या लढाईत राणीच्या बाजूने होता. त्याचाच मुलगा निकोलास दे ओवान्दो १५०२ मध्ये तीस जहाजं घेऊन कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटाचा गव्हर्नर म्हणून गेला. गच्चीवरून शहर पाहिलं की बुटक्या बुरुजांची रांग आणि मधेच एक ताठ मान. राजनिष्ठेची इतकी ढळढळीत पावती दुसरी नसेल.

कोपऱ्याकोपऱ्यावर करकोच्यांची घरटी आहेत, बैलगाडीच्या चाकाएवढी. बहुतेक रिकामी होती. पक्षी आफ्रिकेकडे गेलेले. तेही चाकरमानीच म्हणायचे.

एका वाड्याचं नाव तोलेदो-मोक्तेसुमा. अझ्टेक सम्राट मोक्तेसुमाच्या मुलीशी इथल्या हुआन कानोने लग्न केलं, त्यांच्या वंशजांचं हे घर. आत आता दप्तरखाना आहे.

पण शहरातली माझी आवडती जागा जमिनीखाली आहे. वातकुक्कुटांच्या वाड्यात संग्रहालय आहे आणि त्याच्या तळघरात मुसलमानी काळातलं टाकं. पायऱ्या उतरत गेलं की अंधार, गारवा, घोडनालेच्या कमानींच्या ओळी आणि त्यांच्या पायाशी काळंशार पाणी. पावसाचं पाणी आजही छतातून, अंगणातून वाट काढत तिथे उतरतं. आठशे-नऊशे वर्षांत वरचे मालक किती बदलले. टाक्याचं काम तेच. गडांवरची आपली टाकी आठवली, आणि त्यात तरंगणाऱ्या पाण्याच्या बाटल्याही.

शहराच्या हद्दीतच माल्त्राविएसो ही गुहा आहे. १९५१ मध्ये चुनखडीच्या खाणीत काम चालू असताना सापडली. आत भिंतीवर हातांचे ठसे. २०१८ मध्ये एका ठशावरच्या क्षाराचं वय काढलं, ते निघालं किमान ६६,००० वर्षं. तेव्हा आपल्या जातीचा माणूस युरोपात पोचलेलाच नव्हता, म्हणजे हात निअँडरथलचा. अभ्यासकांत यावर अजून वाद आहे. गुहा बंद असते, प्रतिकृती पाहायला मिळते. लेकीने काचेवर आपला पंजा ठेवून पाहिला.

दिवस पाचवा : जगाच्या अंतापर्यंत

वाटेत कासार दे काथेरेसला थांबून चीज घेतलं. मेंढीच्या दुधाचं, आणि ते विरजतात काटेरी गोंडेफुलाच्या केसरांनी, जनावराच्या जठरातल्या विरजणाने नव्हे. वरचं टोपण कापायचं आणि आतलं खिरीसारखं चीज पावाने निपटायचं. चव किंचित कडवट. वास मात्र असा, की पुढचे दोन दिवस गाडीच्या काचा खाली.

अल्कांतारा. ‘अल-कंतारा’ म्हणजे अरबीत पूल. पुलावरूनच गावाचं नाव पडलं. ताहो नदीवर, रोमन सम्राट ट्राजनच्या काळात, इसवी सन १०४ ते १०६ च्या दरम्यान गाइउस युलिउस लाकेर याने तो बांधला. सहा कमानी, लांबी जवळजवळ १९४ मीटर, ग्रॅनाइटचे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले. मधोमध विजयकमान, तिच्यावर पुलासाठी वर्गणी देणाऱ्या गावांची यादी. वर्गणीदारांची पाटी लावायची हौस दोन हजार वर्षं जुनी आहे तर! एका टोकाला छोटं देऊळ आहे, त्यावरच्या लेखात लाकेर म्हणतो की हा पूल जगाच्या अंतापर्यंत टिकेल. लढायांत त्याच्या कमानी पुन्हा पुन्हा तोडल्या गेल्या, पुन्हा बांधल्या गेल्या. आम्ही गेलो तेव्हा त्यावरून मोटारी जात होत्या. आमचीही गेली.

मी कठड्यावरून खाली पाहत बराच वेळ उभा होतो. हेच पाणी पोर्तुगालमध्ये शिरून लिस्बनला समुद्राला मिळतं. तिथूनच १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजं निघाली, आणि पुढे दरवर्षी गोव्याची. मान वर केली की पुलामागे लगेच धरणाची करडी भिंत. १९६९ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण कोयनेपेक्षा थोडं मोठं : कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं, इथे एकशेअकराच्या आसपास. एका चौकटीत पूल आणि धरण दोन्ही बसतात. छायाचित्र काढणारे सगळे धरण टाळून पुलाचा कोन शोधत होते.

दिवस सहावा : गिधाडं

मोन्फ्राग्वे राष्ट्रीय उद्यान, २००७ पासून. ताहोच्या काठावर एक उभा कडा आहे, समोर रस्त्याच्या कडेला थांबायची जागा. ऊन तापलं आणि कड्यावरून एकेक गिधाड सुटायला लागलं. अडीच मीटरचे पंख. काही तर आमच्या डोक्यावरून इतकी खालून गेली, की पंखांचा सूं सूं आवाज ऐकू आला. मी मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे सोडून दिलं.

लहानपणी आमच्या गावात ढोर मेलं की माळावर गिधाडं उतरायची. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी घातली, तोवर नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडं गेली होती. हे सगळं जगजाहीर असताना स्पेनने २०१३ मध्ये तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं. याला काय म्हणायचं?

रात्री प्लासेन्थिया. आठव्या आल्फोन्सोने ११८६ मध्ये वसवलेलं गाव, दोन कॅथेड्रलं एकमेकांना चिकटून. जुनं पाडून नवं बांधायला घेतलं आणि पैसे संपले म्हणून अर्ध्यावर थांबले. आम्ही थकलो होतो, लवकर झोपलो.

दिवस सातवा : न बुडालेलं गाव

ग्रानादिया माझ्या यादीत नव्हतं. लेकीने ते घातलं, आणि आईसाठी घातलं हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

बायकोच्या आजीचं गाव कोयनेच्या शिवसागरात आहे. बायकोचा जन्म पुनर्वसनातल्या वसाहतीत झाला. मूळ गाव तिने कधी पाहिलं नाही. पण आजी सांगायची ते सगळं तिला पाठ आहे. कोणाच्या परसात कोणता आंबा, देवळाला किती पायऱ्या.

ग्रानादिया नवव्या शतकात मुसलमानांनी वसवलं. आधी त्याचं नाव नुसतं ग्रानादा होतं. १४९२ मध्ये मोठं ग्रानादा जिंकल्यावर घोटाळा नको म्हणून याचं ‘छोटं ग्रानादा’ झालं. पूर्ण वर्तुळाकार तट, वेशीत पंधराव्या शतकातला किल्ला. १९५५ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने अलागोन नदीवर धरण बांधायचं ठरवलं आणि गाव बुडीत क्षेत्रात धरून सगळं ताब्यात घेतलं. हळूहळू एकेक घर रिकामं झालं, १९६४ मध्ये शेवटची माणसं गेली. त्याच वर्षांत कोयनेचं पाणी चढत होतं.

आणि पाणी गावात आलंच नाही. शेतं बुडाली, रस्ते बुडाले, गाव टेकाडावर होतं ते तसंच राहिलं. तीन बाजूंनी पाणी आणि मधे कोरडं, रिकामं गाव. पुढे १९८० मध्ये ते ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झालं, १९८४ पासून शाळा-कॉलेजांची मुलं इथे शिबिरांना येतात, भिंती लिंपतात, बागा राखतात. चौकातली घरं लाल, पिवळी रंगवली आहेत. पण कोणाला परत येऊन राहायची परवानगी नाही. जुने गावकरी वर्षातून दोनदा येतात, १५ ऑगस्टला आणि १ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी.

आम्ही तटावरून पूर्ण फेरी मारली. खाली निम्मी घरं नुसत्या भिंतींची. आत अंजिराची झाडं उगवली होती. बायको एका दारापाशी थांबली. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला. ती खाली बसली, त्या खोलगट जागेवरून हात फिरवला.

“आमचं निदान बुडालं तरी,” ती म्हणाली.

लेकीने काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. किल्ल्याच्या गच्चीवर गेलो, पाणी पाहिलं, आणि उतरलो. परत येताना गाडीत कोणी गाणं लावलं नाही.

दिवस आठवा : धुरातली मिरची

ला वेरा म्हणजे ग्रेदोस डोंगररांगेच्या दक्षिण उताराचा पट्टा. डोंगरातून ओढे धावत उतरतात आणि खाली मिरचीची, तंबाखूची शेतं. वाटेत युस्तेचा मठ. पाचवा कार्लोस, अर्ध्या युरोपचा सम्राट, पेरू आणि मेक्सिकोचा धनी. त्याने सगळी राज्यं मुलाला आणि भावाला देऊन टाकली आणि फेब्रुवारी १५५७ मध्ये इथे राहायला आला. संधिवाताने पाय चालेनात, म्हणून पालखीवजा खुर्चीतून आणलं. झोपायची खोली काळ्या कापडाने मढवलेली, पलंग असा की दारातून चर्चची वेदी दिसावी. सोबत घड्याळजी तुर्रियानो आणि बिअर गाळणारा माणूसही. दीड वर्षात, २१ सप्टेंबर १५५८ ला, तो हिवतापाने गेला. मठाशेजारी पाण्याचं तळं आहे, तिथे बसून तो गळ टाकायचा. डास बहुधा तिथलेच. सगळं सोडून वानप्रस्थाला निघालेल्या माणसाला बिअर सुटली नाही, हे मला फार आवडलं.

आणि मग मिरची. हाराईथजवळ शेतात विटांची खिडक्या नसलेली लांबोळी घरं दिसतात, कौलांतून धूर गळणारी. लेकीने एका ठिकाणी विचारलं आणि सत्तरीच्या एका बाईंनी आत बोलावलं. खाली ओकची लाकडं धुमसत होती. ज्वाळा नाही, नुसता धूर. वर लाकडी पट्ट्यांचा माळा, त्यावर हातभर उंच लाल मिरच्यांचा थर. दहा ते पंधरा दिवस विस्तव विझू द्यायचा नाही आणि रोज सगळा थर हाताने उलथायचा. मग देठ काढून दगडी जात्यात सावकाश दळायचं. उन्हात का नाही वाळवत? कारण मिरची हाताशी येते आणि इथे पावसाला सुरुवात होते. तिकडे आग्नेय स्पेनमधल्या मुर्सियाला ऊन आहे, ते उन्हात वाळवतात. बाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजात मुर्सियाबद्दल थोडी कीव होती.

मिरची अमेरिकेतून आली ती कोलंबसच्या जहाजांतून, आणि इथे मठातल्या साधूंनी ती प्रथम लावली, असं या भागात सांगतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर उतरवली. तोवर तिखट म्हणजे मिरी. म्हणून नव्या फळाला आपण मिरीवरून मिरची म्हटलं. इथे मिरी म्हणजे ‘पिमिएंता’, आणि मिरची? ‘पिमिएंतो’. दोन किनाऱ्यांवरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता तीच युक्ती केली. बाईंना हे सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि विचारलं, तुमच्याकडे धूर कशाचा देतात? आम्ही म्हणालो, ऊन आहे. “मुर्सियासारखं,” त्या म्हणाल्या.

बाईंचा एक मुलगा माद्रिदला, एक मुलगी जर्मनीत. मुलगा या दिवसांत आठवडाभर रजा काढून येतो, मिरच्या उलथायला. त्या दिवशी तो माळ्यावर होता. धुरातून त्याचा नुसता खोकला ऐकू येत होता.

बायकोने गोड, मधली आणि तिखट असे तीन डबे घेतले. विमानात सगळ्या कपड्यांना वास लागला.

दिवाळीला गावी गेलो. घरात गॅस येऊन पंचवीस वर्षं झाली. चुलीची जागा फरशीखाली गेली. बायकोने कुळथाच्या पिठल्यावर फोडणीत ती तिखट पूड चिमूटभर घातली. आई पडवीत बसली होती, नजर आता अधू आहे तिची. तिने दोनदा नाक वर करून हुंगलं आणि आत हाक मारली, “कोण आलंय गो? चूल कोणी पेटवलीन?”